तेल कोणते, हा प्रश्न नंतरचा; आधी किती आणि कशाऐवजी?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या ‘एम्स’चा हवाला देत एक बातमी आली आणि दोन दिवसांत देशभर पसरली. समोसा आणि जिलेबीवर आता सिगारेटच्या पाकिटासारखे इशारे येणार, असा तिचा सूर होता. वडापावही त्या यादीत ओढला गेला. अखेर केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर कोणताही इशारा छापायचा नाही. कार्यालये, उपाहारगृहे, बैठकीच्या खोल्या अशा ठिकाणी पदार्थांतील तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावावेत, एवढाच सल्ला आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये दिला होता. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात आणि फेब्रुवारीतील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा मुद्दा मांडून प्रत्येक घराने तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले होते.

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेची नवी आहार मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत साय न काढलेल्या दुधाला मानाचे स्थान मिळाले. स्वयंपाकासाठी ऑलिव्ह तेलाला पहिली पसंती देऊन त्यासोबत लोणी आणि गोमांसाची चरबी यांचाही पर्याय म्हणून उल्लेख झाला. आपल्याकडच्या मोबाइलवर ती बातमी ‘अमेरिकेनेही तूप मान्य केले’ अशा अवतारात पोहोचायला वेळ लागत नाही. त्याच तत्त्वांत संपृक्त मेद एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, ही जुनी मर्यादा कायम आहे, हे मात्र त्या बातमीतून गळून पडते.

किराणा दुकानात तेलाचे पाकीट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने यातून काय समजायचे? डॉक्टर सांगतात तूप कमी करा. व्यायामशाळेतला प्रशिक्षक सांगतो तूप वाढवा. एक चित्रफीत रिफाइंड तेलाला विष म्हणते, दुसरी घाण्याच्या तेलाला फॅड ठरवते. या गोंधळात एक गोष्ट लक्षात येत नाही. ज्या मुद्द्यांवर शास्त्रज्ञांचे खरोखर मतभेद आहेत, ते आपल्या स्वयंपाकघरासाठी तुलनेने छोटे आहेत. ज्या मुद्द्यांवर जवळपास एकमत आहे, ते मोठे आहेत. पण त्यांची चर्चा कमी होते, कारण त्यात विकण्यासारखे काही नसते.

सत्तावीस ग्रॅमचा हिशेब

पहिला एकमताचा मुद्दा प्रमाणाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या नमुना ताटात त्यांनी तेल-तुपासाठी २७ ग्रॅम ठेवले आहेत. घरातल्या मापात सांगायचे तर पोह्याचे चमचे नव्हे, चहाचे सपाट सहा चमचे. यात फोडणीचे तेल, पोळीला लावलेले तूप, कणकेतले मोहन आणि ब्रेडवरचे लोणी असे सगळे ‘दिसणारे’ स्निग्ध पदार्थ आले. दूध, शेंगदाणे, तीळ, खोबरे, मांस, अंडी यांतील न दिसणारा मेद वेगळा.

हे रोजच्या रोज मोजणे कोणालाच जमणार नाही. महिन्याचा हिशेब मात्र जमतो. चार प्रौढांच्या घराला दिवसाला १०८ ग्रॅम, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम असते. पाकिटावर ते छापलेलेही असते. म्हणजे तूप-लोणी धरून महिन्याला साधारण साडेतीन लिटर. घरात महिन्याला अर्धा किलो तूप लागत असेल, तर तेलासाठी तीन लिटर उरतात. घरी किती तेल येते, हे बहुतेक घरांत तोंडपाठ असते. ते माणसांच्या संख्येशी ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

आता दुसरा आकडा. नीती आयोगाच्या ऑगस्ट २०२४ मधील अहवालानुसार देशातील खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर पोहोचला आहे. म्हणजे दिवसाला माणशी ५४ ग्रॅम, शिफारशीच्या बरोबर दुप्पट. आवाहनाप्रमाणे त्यात दहा टक्के घट झाली तरी आपण ४९ ग्रॅमच्या आसपास राहू. एक ग्रॅम मेद नऊ उष्मांक देतो. त्यामुळे दहा टक्के घट म्हणजे दिवसाला पन्नासेक उष्मांक. सुरुवात म्हणून ते ठीक आहे, पण तेवढ्याने लठ्ठपणाचा प्रश्न सुटेल, असे मानता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ गटात होते. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २१ आणि १९ टक्क्यांच्या आसपास होते.

ते तेल नेमके कुठे जाते?

हे १९.७ किलो सगळे घरच्या कढईत जात नाही. देशात उपलब्ध झालेले तेल भागिले लोकसंख्या, असा हा हिशेब आहे. त्यात घरचा डबा आला, तसेच हॉटेलातली तर्री, गाडीवरची भजी, फरसाण, वेफर, बिस्किटे, खारी, टोस्ट, केक, तयार पराठे आणि लग्नाच्या पंगतीही आल्या. तळून उरलेले आणि फेकलेले तेलही आले. शिवाय ही सरासरी आहे. एखाद्या घरात माणशी दीड लिटर लागते, तर शेतमजुराच्या घरात पुढच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत पाव लिटर पुरवून वापरतात. दोघांनाही ‘दहा टक्के कमी करा’ हाच सल्ला देणे योग्य नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाला बहुधा अधिक स्निग्धांशाची गरज आहे.

आवाहनाचा भार कोणावर पडतो, हेही पाहायला हवे. ‘घरात तेल कमी वापरा’ म्हटले की नजर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे बहुतेक घरांत बाईकडे जाते. ती फोडणीतले तेल अर्ध्यावर आणते. भाजी बेचव झाली म्हणून घरातले दोघे संध्याकाळी बाहेर वडापाव खातात. घरातले दोन चमचे वाचले, बाहेरचे तीन वाढले. आणि त्या तीन चमच्यांचा दर्जा काय, ते किती वेळा तापले, हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच उपाहारगृहात फलक लावण्याची कल्पना थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. न दिसणारे तेल दिसावे, हा तिचा हेतू योग्यच होता.

पाकीटबंद पदार्थांचेही तेच. पुढच्या बाजूला मीठ, साखर आणि संपृक्त मेद यांची माहिती ठळक द्यावी, ही मागणी जुनी आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सप्टेंबर २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला. हॉटेलला तारे देतात तसे वेफरला तारे दिले तर ग्राहकाला इशारा मिळण्याऐवजी शिफारसच वाटेल, अशी टीका त्यावर झाली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय तीन महिन्यांत मार्गी लावायला सांगितले होते. सल्ला नागरिकाला तातडीने मिळतो; उद्योगाला लावायचा नियम मात्र वर्षानुवर्षे मसुद्यात राहतो.

सल्ले उलटसुलट का होतात?

लोकांचा विश्वास उडाला तो उगाच नाही. डालडा १९३७ मध्ये भारतीय बाजारात आला. महागड्या तुपाला स्वस्त आणि टिकाऊ पर्याय म्हणून वनस्पती तूप घराघरांत गेले. द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होते. ते ‘वाईट’ एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवते आणि ‘चांगले’ एचडीएल कमी करते, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. आपल्याकडे तेल-तुपातील ट्रान्स फॅटवरची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि जानेवारी २०२२ पासून ती दोन टक्के आहे. म्हणजे तुपाऐवजी म्हणून दोन-तीन पिढ्यांनी जे खाल्ले, ते तुपापेक्षा वाईट निघाले. तेव्हापासून ‘तुमचे शास्त्र रोज बदलते’ हा टोमणा शास्त्राला ऐकावा लागतो.

दुसरे उलटे वळण अंड्याचे. अमेरिकेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून आहारातील कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली गेली. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त आणि ट्रान्स मेदाचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर जास्त परिणाम होतो, असे दिसत गेले. याचा अर्थ ‘कोलेस्टेरॉल हे थोतांड होते’ असा लावला गेला. रक्तातील एलडीएलचा आणि हृदयविकाराचा संबंध मात्र तेव्हाही भक्कम होता आणि आजही आहे.

तिसरे वळण २०१७ चे. ‘प्युअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, भारतासह १८ देशांतील सुमारे १ लाख ३५ हजार लोकांच्या अभ्यासात जास्त कर्बोदके खाणाऱ्यांत मृत्युदर जास्त आणि जास्त मेद खाणाऱ्यांत कमी आढळला. ‘मेद निर्दोष’ अशा मथळ्यांनी जग भरून गेले. पण नुसता भात-मीठ किंवा भाकरी-चटणीवर भागवणाऱ्याच्या ताटात कर्बोदके जास्त असतात, ती गरिबीमुळे. त्याच्या मृत्यूला उपचारांचा अभाव, धूर, कष्ट अशी इतर कारणेही असतात. संशोधक असे घटक वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण वजा होतातच असे नाही.

या सगळ्या गोंधळातून बाहेर काढणारा एक प्रश्न आहे : कशाऐवजी? मेद चांगला की वाईट, याला एकटे उत्तर नाही. तो ताटात आला तेव्हा कोणाच्या जागी आला आणि गेला तेव्हा त्याच्या जागी काय आले, यावर परिणाम ठरतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि ४३ हजार पुरुषांच्या दीर्घकाळच्या नोंदी याच नजरेने तपासल्या. एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के उष्मांक संपृक्त मेदाऐवजी बहु-असंपृक्त मेदातून घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. एकल-असंपृक्त मेद घेणाऱ्यांत १५ टक्क्यांनी, अख्ख्या धान्यांतून घेणाऱ्यांत नऊ टक्क्यांनी. मैदा-साखरेतून घेणाऱ्यांत मात्र फरक जवळपास नव्हता. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे टक्के शब्दशः घेऊ नयेत. पण लोणी सोडून बिस्किट धरले तर पदरात काही पडत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

आपल्यासाठी हे जास्त महत्त्वाचे आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतील आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांना सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून मिळतात, त्यांतही पांढरा तांदूळ, दळलेले गहू आणि साखरेचा वाटा मोठा. प्रथिने जेमतेम बारा टक्के. अशा ताटातून तेल काढून त्या जागी आणखी एक पोळी किंवा वाटीभर भात घेतला, तर तब्येतीला फायदा होईल असे मानायला आधार नाही. तेल कमी झाले आणि वरण घट्ट झाले, उसळ आली, दह्याची वाटी आली, तर मात्र तो बदल कामाचा.

आपल्या चुलीवरची तेले

महाराष्ट्रात ‘घरचे तेल’ कधीच एक नव्हते. कोकणात आणि गोव्यात खोबरेल, पश्चिम महाराष्ट्रात शेंगतेल, मराठवाडा-सोलापूरकडे करडई, विदर्भात जवस आणि तीळ. आज मराठवाड्याच्या शिवारात करडईची जागा सोयाबीनने घेतली आहे आणि राज्यभरातल्या डब्यात सोयाबीन, सूर्यफूल नाहीतर पामतेल आहे.

प्रत्येक तेलात संपृक्त, एकल-असंपृक्त आणि बहु-असंपृक्त मेदाम्ले असतात, फरक मिश्रणाचा. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात संपृक्त मेद दहा टक्क्यांच्या आत, सोयाबीनमध्ये पंधरा, शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा, पामतेलात निम्म्याच्या आसपास, साजूक तुपात साठ टक्क्यांहून अधिक आणि खोबरेल तेलात ८० ते ९० टक्के. ओमेगा-३ प्रकारचा मेद जवसात भरपूर, मोहरी आणि सोयाबीनमध्ये थोडा, सूर्यफूल-करडई-शेंगदाण्यात जवळपास नाहीच. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था एकाच तेलावर अडून राहू नका, आलटून-पालटून वापरा, असे सांगते. ज्या घरात सूर्यफूल किंवा शेंगतेल चालते, तिथे रोज चमचाभर जवसाची चटणी ही चैन नाही. ती त्या तेलातली उणीव भरते.

खोबरेलाबद्दल दोन टोके ऐकू येतात. जून २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते वापरू नका असा सल्ला दिला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील एका प्राध्यापिकेने त्याला थेट विष म्हटले. दुसरीकडे २०१६ मध्ये केरळमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. त्यात स्थिर हृदयविकार असलेल्या २०० रुग्णांपैकी काहींना दोन वर्षे खोबरेल आणि काहींना सूर्यफूल तेल स्वयंपाकाला दिले होते. दोन्ही गटांत कोलेस्टेरॉल किंवा हृदयविकाराच्या घटनांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे रुग्ण औषधोपचारावर होते आणि २०० ही संख्या लहान. २०२० मध्ये सोळा चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलामुळे एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. हे सगळे एकत्र ठेवले तर निष्कर्ष साधा निघतो : खोबरेल विष नाही आणि औषधही नाही. माशाच्या कालवणात ते ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या आहे, त्यांनी ते बेताने वापरावे. देशावर राहणाऱ्याने आरोग्यासाठी म्हणून शेंगतेल सोडून खोबरेल धरण्याचे कारण नाही.

तुपाचा हिशेब मांडून पाहू. दोन हजार उष्मांकांच्या दहा टक्के म्हणजे दिवसाला साधारण २२ ग्रॅम संपृक्त मेद. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये हीच दहा टक्क्यांची मर्यादा सांगितली. चहाचा एक चमचा तूप म्हणजे त्यातले तीन ग्रॅम. वरणभातावरचे तेवढे तूप कोणाचे काही बिघडवत नाही. पण दिवसभरात सहा टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध ३०० मिलिलिटर घेतले, तर जवळपास अकरा ग्रॅम तिथेच गेले. पाव लिटरहून थोडे जास्त दूध, चमचाभर तूप आणि सहा चमचे शेंगतेल मिळून १९ ग्रॅमपर्यंत पोहोचतात. मग खारी, चीज किंवा मटणाच्या रश्श्याला जागा उरते ती जेमतेम. तूप खायचे की नाही, यावर वाद घालणाऱ्या कितीतरी घरांत खरा वाटा दुधाच्या पिशवीचा असतो.

‘बियांचे तेल’ आणि लाकडी घाणा

गेल्या काही वर्षांत सूर्यफूल, सोयाबीन, करडई यांसारख्या बियांच्या तेलांविरुद्ध अमेरिकेतून एक लाट आली आहे. त्यातले लिनोलेइक आम्ल शरीरात दाह वाढवते, असा आरोप आहे. त्यामागे एक खरा धागा आहे. १९६८ ते १९७३ दरम्यान मिनेसोटात झालेल्या एका मोठ्या चाचणीचे जुने आकडे शोधून २०१६ मध्ये पुन्हा मांडले गेले. मक्याचे तेल दिलेल्या गटात कोलेस्टेरॉल घटले, पण मृत्यू घटले नाहीत. मात्र अनेक सहभागी चाचणीत अल्पकाळच होते. दुसऱ्या बाजूला, १३ देशांतील ३० अभ्यास आणि जवळपास ६९ हजार लोकांच्या शरीरातील लिनोलेइक आम्लाची पातळी थेट मोजून केलेले विश्लेषण २०१९ मध्ये आले. ज्यांच्यात ती पातळी जास्त, त्यांच्यात हृदयविकार कमी होता. एकूण पुरावा पाहता या तेलांना घाबरण्याचे कारण दिसत नाही. वेफर-फरसाण सोडल्याने कोणाला बरे वाटले असेल, तर श्रेय त्यातले मीठ, मैदा आणि जादा उष्मांक सोडल्याला जास्त असावे.

लाकडी घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते. रिफाइंड करताना जाणारी काही ई जीवनसत्त्वासारखी द्रव्ये त्यात जास्त उरतात. पण मेदाम्ले आणि उष्मांक तेच. शेंगदाणा बुरशीचा असेल तर त्यातले अफ्लाटॉक्सिन न गाळता तेलात येऊ शकते. रिफाइंड प्रक्रियेत ते निघून जाते. म्हणजे घाण्याच्या तेलात सगळा भरवसा दाण्याच्या आणि घाणेवाल्याच्या स्वच्छतेवर. दिल्लीत १९९८ मध्ये मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने सुमारे साठ जणांचा जीव गेला होता. सुटे, लेबल नसलेले तेल घेऊ नये, हा नियम त्या अनुभवातून आला आहे. रिफाइंड तेलाच्या जाहिरातींनाही भुलू नये. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे कुठल्याही वनस्पती तेलाचे जन्मजात वैशिष्ट्य आहे, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असते. ‘डबल रिफाइंड’, ‘अँटी-कोलेस्टेरॉल’ असे शब्द तेलाच्या पाकिटावर छापायला आपल्या लेबलच्या नियमांत मनाई होती, ती याचसाठी.

पुन्हा तापणारे तेल

तेल कोणते यापेक्षा ते कितव्यांदा तापते, हे अधिक महत्त्वाचे असू शकते. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे साठत जातात. तेल काळपट, दाट होते, फेसाळते आणि लवकर धुरकटते. जुलै २०१८ पासून एफएसएसएआयने त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढचे तेल अन्नासाठी वापरता येत नाही. रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. पण कोपऱ्यावरची गाडी ५० लिटरच्या फार खाली असते. तिथे प्रश्न गाडीवाल्याच्या नीतीचा कमी, तेलाच्या भावाचा जास्त.

आणि भाव ठरतो धोरणाने. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. २०२२-२३ मध्ये ही आयात १६५ लाख टन होती आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून कच्च्या तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. मे २०२५ मध्ये ग्राहकांसाठी ते दहा टक्क्यांवर आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर झाले. आरोग्य खाते तेल कमी खा म्हणते, ग्राहक खाते ते स्वस्त ठेवू पाहते, कृषी खाते ते वाढवू पाहते. यात विसंगती असलीच पाहिजे असे नाही : आयात कमी, पेरा करडई-जवस-तिळाचा आणि वापर बेताचा, हे एकत्र साधता येईल. त्यासाठी तेलाचे धोरण ठरवताना हृदयविकाराचा आकडाही टेबलावर असायला हवा.

घरापुरते काय?

घराने पाच गोष्टी केल्या तरी पुष्कळ होते. महिन्याचे तेल माणशी पाऊण ते एक लिटरच्या आत आणणे आणि त्यात तूप-लोणी मोजणे. बाटली थेट कढईत न उलटता चमच्याने किंवा लहान पळीने तेल घालणे. अंदाज हाताचा चुकतो, चमच्याचा नाही. तेल दर एक-दोन महिन्यांनी बदलणे आणि जवस, तीळ, कारळे, दाण्याचे कूट यांना चटणीत जागा देणे. तळणासाठी कढई लहान घेणे, म्हणजे तेल कमी उरते. उरलेले गाळून लवकर फोडणीत संपवणे, पुन्हा तळणाला न घेणे. आणि घरचे तेल कमी करताना बाहेरचे मोजणे. कारण आठवड्यातून चारदा फरसाण येणाऱ्या घरात फोडणी आखडल्याने काही साधत नाही.

ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा वाढलेले एलडीएल आहे, त्यांनी मोबाइलवरच्या सल्ल्याने औषध किंवा आहार बदलू नये. त्यांची मर्यादा डॉक्टरांनी ठरवलेली असते आणि ती बहुधा अधिक कडक असते. लहान मुलांवर आणि अशक्त वृद्धांवर मोठ्यांचे पथ्य लादू नये. बाकी सर्वांसाठी, तेलाची पुढची चित्रफीत आली की तीनच गोष्टी विचाराव्यात : किती, कशाऐवजी आणि कितव्यांदा तापलेले? ज्या सल्ल्यात या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही, तो पुढे पाठवण्याची घाई करू नये.